लोकवर्गणीचा सिनेमा

लोकवर्गणीतून चित्रपट काढणाऱ्या एका दिग्दर्शकावरील आमच्या या माहितीपटात समोर दिसणारे हे झाड पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावरील फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आहे. प्रभात फिल्म कंपनीच्या स्टुडिओच्या जागेत १९६० साली ही संस्था सुरू झाली, आणि त्याच दशकाच्या मध्यावर बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटक येथे अल्पकाळ उपप्राचार्य असताना वर्गात कमी आणि या झाडाखाली जास्त शिकवीत, असे संस्थेत आजही सांगितले जाते. घटकांभोवती जमणाऱ्या विद्यार्थ्यांत आयुर्विमा महामंडळाची नोकरी सोडून आलेले एक मल्याळी गृहस्थ होते. त्यांचे नाव जॉन अब्राहम. हिंदी पडद्यावरील नटाशी त्यांचा संबंध केवळ नामसाधर्म्याचा आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

आता दिसते आहे ते केरळातील कुट्टनाड. येथील भातशेती समुद्रसपाटीच्या खाली चालते, आणि बांधापलीकडचे पाणी शेतापेक्षा उंच असते. जॉन यांचा जन्म १९३७ साली याच भागात झाला. स्थिर पगाराची नोकरी हाती असताना वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी ती सोडून पुन्हा विद्यार्थी होणे घरच्यांना कसे वाटले असेल, याची कल्पना मराठी मध्यमवर्गीय कुटुंबाला सहज करता येईल. पुण्याचा अभ्यासक्रम १९६९ मध्ये सुवर्णपदकासह पूर्ण केल्यावर त्यांनी दिग्दर्शक मणी कौल यांच्या 'उसकी रोटी' या चित्रपटासाठी साहाय्यक म्हणून काम केले आणि १९७२ मध्ये पहिला मल्याळी चित्रपट केला.

१९७७ सालचा 'अग्रहारत्तिल कळुदै' मात्र तमिळमध्ये आहे. अग्रहारातील, म्हणजे ब्राह्मण वस्तीतील, एक प्राध्यापक आईवेगळे गाढवाचे पिल्लू घरी आणतो, महाविद्यालयात त्याची टिंगल होते, म्हणून तो ते पिल्लू गावच्या अग्रहारात नेऊन ठेवतो. गावात जे काही वाईट घडते त्याचा ठपका गाढवावर येतो, अखेर ते मारले जाते, आणि मारल्यानंतर त्याच गावाला त्याचे चमत्कार दिसू लागतात. प्राध्यापकाची भूमिका करणारे एम. बी. श्रीनिवासन हे व्यवसायाने संगीतकार होते. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, निषेधही झाला, आणि पुढे दूरदर्शनने ठरलेले प्रसारण रद्द केले. आमच्या मते यातील निषेध ही अधिक प्रामाणिक दाद होती.

दोन वर्षांनी आणखी एक मल्याळी चित्रपट झाला. त्यानंतर जॉन यांनी जे केले, त्यासाठीच आम्ही हा माहितीपट करायला घेतला.

१९८४ मध्ये त्यांनी मित्रांसह 'ओडेसा' नावाची मंडळी उभी केली. चित्रपटाला निर्माता शोधायचा नाही, वितरकाच्या दारात जायचे नाही आणि सरकारी अनुदानाची वाटही पाहायची नाही. ज्यांच्यासाठी चित्रपट काढायचा त्यांच्याकडूनच पैसे मागायचे, असा हा साधा आणि जवळजवळ वेडा बेत होता. ही मंडळी केरळात गावोगाव फिरली. ढोल वाजवून माणसे गोळा करायची, पथनाट्य करायचे, अंधार पडला की पडदा ताणून चित्रपट दाखवायचा आणि मग वर्गणी मागायची. चार्ली चॅप्लिनचा 'द किड' त्यांनी असा दाखवला, आणि ही निवड किती व्यवहारी होती ते पाहा: मूकपटाला भाषेची अडचण नाही, कथा लहान मुलालाही कळते, आणि फाटक्या कपड्यांतला तो माणूस मोलमजुरी करणाऱ्या प्रेक्षकाला परका वाटत नाही. उत्तम सिनेमा म्हणजे काय यावर भाषण देण्याऐवजी तो आधी दाखवायचा आणि मग विचारायचे की, असा आपला एखादा हवा असेल तर हातभार लावाल का? लोक ऐपतीप्रमाणे जे देतील ते घ्यायचे. आपल्याकडे देवळाच्या जीर्णोद्धाराला, जत्रेला, गणेशोत्सवाला वर्गणीचे पावतीपुस्तक निघते. सिनेमासाठी ते काढण्याचे धाडस महाराष्ट्रात फारसे कोणी केले नाही, याची खंत हे निवेदन लिहिताना वाटल्यावाचून राहिली नाही.

या पैशांतून १९८६ मध्ये 'अम्मा अरियान' तयार झाला. छायाचित्रण वेणू यांचे आणि संकलन बीना पॉल यांचे. हे दोघेही पुण्याच्याच संस्थेत शिकलेले होते. दिल्लीला निघालेल्या पुरुषन नावाच्या तरुणाला वाटेत एक मृतदेह दिसतो. चेहरा ओळखीचा वाटतो, आणि चौकशीअंती कळते की तो हरी नावाचा तबलावादक आहे. हरीच्या आईला ही बातमी सांगण्यासाठी पुरुषन दिल्लीचा बेत सोडून कोचीकडे निघतो. वायनाडच्या डोंगरातून किनाऱ्याकडे उतरताना प्रत्येक मुक्कामी हरीचा एखादा जुना मित्र त्याच्याबरोबर येतो. आता पडद्यावर त्यातील चालण्याची दृश्ये पाहा: आधी दोघे-तिघे, मग रस्त्याची एक कड भरेल इतके, आणि पुढे चौकटीत न मावणारा जथा. वैद्यकीय शिक्षणाच्या खासगीकरणाविरुद्धचे विद्यार्थ्यांचे आंदोलन आणि खाणकामगारांचा संपही मध्ये येतो, आणि रचलेले कुठे संपले व घडलेले कुठे सुरू झाले, हे या कृष्णधवल चित्रणात सांगता येत नाही. ज्या पद्धतीने पैसे जमले त्याच पद्धतीने कथेतली माणसे जमत जातात. आमच्या दृष्टीने ही या चित्रपटाची सर्वांत मोठी गोष्ट आहे. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने दहा श्रेष्ठ भारतीय चित्रपटांच्या यादीत त्याचा समावेश केला, हे त्यानंतर येते.

जॉन यांच्या मद्यपानाच्या, भटकंतीच्या आणि लहरीपणाच्या कथा केरळात विपुल आहेत. त्या आम्ही येथे घेतलेल्या नाहीत, कारण त्या सांगताना वर्गणीची गोष्ट नेहमीच मागे पडते.

३१ मे १९८७ रोजी कोळिकोड येथे गच्चीवरून पडून त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते एकोणपन्नास वर्षांचे होते आणि त्यांच्या नावावर चार कथापट होते. ओडेसाचे काम पुढे सत्यन यांनी चालवले. मंडळीचेच नाव लावून ते ओडेसा सत्यन म्हणून ओळखले गेले, आणि कवी ए. अय्यप्पन यांच्यावरील माहितीपटासह त्यांनी आपले चित्रपट केले.