नक्षी शाबूत, टायर खलास

(दृश्य: ॲरिझोनाचं वाळवंट. सकाळ. मनाला येईल तिथे उभे असलेले शेकडो ट्रेलर.)

कॅलिफोर्नियाच्या बाजूने कोलोरॅडो नदी ओलांडली की आय-टेन महामार्गावर थोड्याच वेळात क्वार्टझाइट लागतं. उन्हाळ्यात इथे पेट्रोल भरण्यापुरतंच कुणी थांबतं. हिवाळ्यात मात्र गावाभोवतीचं वाळवंट माणसांनी भरून जातं. मिनेसोटातून, डकोटातून, थेट कॅनडातून थंडीला कंटाळलेली निवृत्त मंडळी आपलं बिऱ्हाड गाडीमागे जोडून येतात आणि थंडी सरेपर्यंत मुक्काम ठोकतात.

बिऱ्हाड म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर. आत ओटा, पलंग, न्हाणीघर, सगळं असतं. इंजिन तेवढं नसतं, ते पुढच्या पिकअपचं. अमेरिकेतले बहुतांश ट्रेलर इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट आणि त्याच्या आसपासच्या गावांत तयार होतात. विकत घेणारा ओटा बघतो, फ्रीज उघडून बघतो, पलंगावर आडवं होऊन बघतो. खाली वाकून टायर बघणारा क्वचितच. प्रवासात रस्त्याच्या कडेला ताटकळायची वेळ अनेकदा येते ती मात्र त्या टायरमुळेच.

(दृश्य: एक टायर, अगदी जवळून.)

हा टायर बघा. नक्षी खोल आहे, कुठे घासलेला नाही, एका बाजूने झिजलेलाही नाही. कुणालाही वाटेल, अजून पुष्कळ चालेल. आता कॅमेरा जरा खाली, रिमच्या कडेशी नेऊ. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, गोलाकार, केसाएवढ्या बारीक भेगा दिसतात. अंगठ्याने रबर बाजूला दाबलं की त्या भेगा उघडतात. हा टायर संपलेला आहे.

मोटारीचा टायर चालून चालून संपतो, ट्रेलरचा उभ्या उभ्या. रबरात ओझोनपासून बचाव करणारी रसायनं आणि मेण मिसळलेलं असतं. टायर फिरतो, दबतो, पुन्हा फुगतो, तेव्हा ते आतून पृष्ठभागावर येत राहतं. वर्षातले आठ-दहा महिने ट्रेलर एकाच जागी उभा राहिला की हे काम मंदावतं. वरून ऊन आणि हवेतला ओझोन रबर कुरतडत राहतात. आतल्या बाजूनेही सुटका नसते. दाबाखालच्या हवेतला ऑक्सिजन हळूहळू रबरात झिरपतो आणि रबर कडक होत जातं. उष्णता जितकी जास्त, तितकं हे लवकर घडतं. ॲरिझोनाचं ऊन त्यासाठी पुरेसं आहे.

टायरची सगळ्यात नाजूक जागा डोळ्यांना दिसतच नाही. नक्षीच्या खाली पोलादी तारांचे दोन पट्टे एकावर एक असतात आणि त्यांच्या कडा फक्त रबराने धरून ठेवलेल्या असतात. ते रबर म्हातारं झालं की कडेला सूक्ष्म चीर पडते आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर थोडी थोडी पुढे सरकते. बाहेरून टायर तसाच, धडधाकट दिसतो. मग एखाद्या तापलेल्या दुपारी, भर वेगात, नक्षीचा अख्खा पट्टा सोलून निघतो.

म्हणून ट्रेलरच्या टायरचं वय बघायचं, नक्षी नाही. साइडवॉलवर डीओटी (DOT) ही अक्षरं शोधा. त्यांच्या पुढे येणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायरची जन्मतारीख. २३१९ असेल, तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा, म्हणजे जूनची सुरुवात. २००० सालापासून ही चार आकड्यांची पद्धत आहे. आपल्याकडच्या टायरवरही आठवडा आणि वर्ष असंच असतं, घरच्या गाडीवर बघून घ्या. अडचण एवढीच की तारखेसकट पूर्ण कोड टायरच्या एकाच बाजूला असला तरी चालतो, आणि ती बाजू पुष्कळदा आत, धुऱ्याकडे तोंड करून असते. तेव्हा जमिनीवर पाठ टेकून, बॅटरी घेऊन आत शिरावं लागतं. ते जमत नसेल तर मोबाइल खालून आत सरकवून फोटो काढा.

(दृश्य: ट्रेलरखाली सरकवलेला मोबाइल. पडद्यावर कोडचा फोटो.)

पाच-सहा वर्षं झाली की टायर बदलायचा, हा या मंडळींमधला सर्वसाधारण शिरस्ता. मला तो योग्य वाटतो. किती किलोमीटर झाले हा हिशोब इथे कामाचा नाही.

आता वजनाकडे येऊ, कारण जास्तीत जास्त घोळ तिथेच आहे.

समोरच्या मध्यम आकाराच्या ट्रेलरला दोन धुरे आहेत, प्रत्येकाची क्षमता ३,५०० पाउंड, म्हणजे सुमारे १,५८८ किलो. त्यावर अशा ट्रेलरना सर्रास मिळणारे १५ इंची टायर आहेत. साइडवॉलवर आकाराच्या आधी एसटी (ST) ही अक्षरं, म्हणजे स्पेशल ट्रेलर. लोड रेंज, म्हणजे भार पेलण्याची श्रेणी, सी. ५० पाउंड (पीएसआय) दाबाची हवा भरली की एक टायर १,८२० पाउंड पेलतो, म्हणजे ८२५ किलो. दोन टायर मिळून १,६५० किलो. धुऱ्याची क्षमता १,५८८. उरले साधारण ६० किलो, आणि तेही दोन टायरांत वाटलेले. कागदावर हिशोब बसतो, कायद्यातही बसतो. पण घर कधी दोन्ही बाजूंनी सारखं भरलेलं असतं का? एका बाजूला ओटा, फ्रीज आणि बाहेर सरकणारी खोली, दुसऱ्या बाजूला नुसता पलंग. त्यात १५० लिटर पाण्याची टाकी भरली की १५० किलो तिथेच वाढले. वर हत्यारांची पेटी, जनरेटर, खुर्च्या, डबाबंद खाणं. जड बाजूच्या टायरवर क्षमतेपेक्षा जास्त भार येतो आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो.

शिवाय ते ८२५ किलो ५० पाउंड हवेलाच. हवा कमी झाली की पेलण्याची ताकदही घटते. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त वाकला की जास्त तापतो, आणि ही उष्णताच पट्ट्यांच्या कडेची ती चीर पुढे ढकलते. म्हणून हवा सकाळी, टायर गार असताना मोजायची. उन्हं चढायला लागली असतील तर उन्हाकडची दोन चाकं सावलीकडच्यापेक्षा जास्त हवा दाखवतील. चालून गरम झालेल्या टायरमध्ये हवा वाढलेली दिसते, ती कधीही सोडू नये.

वजन जाणून घेणं अवघड नाही. हमरस्त्यावरच्या ट्रक थांब्यांवर काटे असतात. सगळं सामान आणि पाणी भरून ट्रेलर एकदा काट्यावर घ्या. जमलं तर डावी-उजवी बाजू वेगळी तोलून घ्या.

(दृश्य: महामार्ग. कोलोरॅडो नदीवरचा पूल. वेगमर्यादेची पाटी.)

कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला ताशी ५५ मैलांची, म्हणजे साधारण ८८ किलोमीटरची मर्यादा आहे. पूल ओलांडून ॲरिझोनात आलात की पाटीवर ७५ मैल, १२० किलोमीटर. एसटी टायर मात्र वर्षानुवर्षं ६५ मैलांचा, १०५ किलोमीटरचा वेग गृहीत धरून बनत आले. वेग मर्यादित धरला म्हणूनच त्याच आकाराच्या टायरला जास्त वजन पेलण्याची मुभा मिळते. अलीकडच्या बऱ्याच एसटी टायरवर जास्त वेगाचा दर्जा छापलेला असतो. तरी भरलेला ट्रेलर ओढताना १०५ च्या वर जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

इथे कायद्याबद्दल बोलायलाच हवं, कारण ही गोष्ट मला खटकते.

ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यातले बरेचसे फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवर होते. नक्षीचा पट्टा सुटायचा, गाडी उलटायची. अडीचशेहून अधिक मृत्यू या टायरांशी जोडले गेले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला ट्रेड ॲक्ट (TREAD Act) नावाचा कायदा झाला. त्यातून मोटारींच्या टायरांसाठी नव्या, जास्त कडक चाचण्या आल्या आणि सप्टेंबर २००७ पासून प्रत्येक नव्या मोटारीत हवा कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली. या सगळ्यातून ट्रेलर वगळले गेले. एसटी टायरला तो नवा नियम लागू नाही, १९७० च्या दशकातला जुनाच नियम लागू आहे. हवेची सूचना देणारी यंत्रणा ट्रेलरला सक्तीची नाही. ज्या टायरवर भार काठोकाठ असतो आणि ज्याच्याकडे चालकाचं लक्ष सगळ्यात कमी जातं, नेमका तोच मागे राहिला.

टायर चुकीच्या कामाला लावला की काय होतं, याचं मोठं उदाहरण ट्रेलरचं नाही, मोटरहोमचं, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेल्या फिरत्या घराचं आहे. गुडइयरचा जी-१५९ हा टायर १९९६ ते २००३ या काळात बनला. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याचं म्हणणं असं की तो मुळात शहरात माल पोचवणाऱ्या गाड्यांसाठीचा. पण तो मोटरहोमवर बसवला गेला आणि महामार्गावर तासन्‌तास धावू लागला. अपघात झाले, खटले झाले, आणि कागदपत्रं वर्षानुवर्षं न्यायालयांच्या आदेशाने सीलबंद राहिली. ती खुली होऊ लागल्यावर २०१७ अखेर खात्याने चौकशी सुरू केली. जून २०२२ मध्ये कंपनीने सुमारे १ लाख ७३ हजार टायर परत मागवले. टायरमध्ये दोष नाही, धोका जास्त वजनाचा आणि कमी हवेचा आहे, अशी कंपनीची भूमिका राहिली. तोवर शेवटचा टायर बनून १९ वर्षं होत आली होती. ज्यांना या माहितीची गरज होती, त्यांच्यापर्यंत ती पोचायला इतका उशीर व्हायला नको होता.

(दृश्य: वळण घेणारा दोन धुऱ्यांचा ट्रेलर. पुढची-मागची चाकं आडवी घासतात.)

आणखी एक ताण. ट्रेलरची चाकं वळत नाहीत. आखूड वळण घेताना दोन्ही धुऱ्यांचे टायर आडवे फरफटले जातात. बघा, टायर रिमपासून कसा बाहेर ओढला जातोय. मुक्कामाच्या जागी मागे घेताना शक्य तितकं मोठं वळण घ्या.

चायना बॉम्ब हे नाव इथल्या तळांवर हमखास ऐकू येतं. स्वस्त, आयात टायरांना दिलेलं नाव. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. क्षमतेच्या टोकाला भरलेला, कमी हवेचा, सहा वर्षं उन्हात उभा असलेला टायर कुठल्याही देशातला असो, तो फुटणारच. २०१७ मध्ये गुडइयरने अमेरिकेत बनणारा एन्ड्युरन्स हा एसटी टायर आणला, तेव्हा अनेकांनी कारखान्यातून आलेले टायर काढून तो चढवला. हरकत नाही. पण आधी काटा, मग हवा, आणि त्यानंतर ब्रँड.

टायर फुटला हे चालकाला पुष्कळदा कळतच नाही. मागून येणारा हॉर्न वाजवतो, तेव्हा आरशात धूर दिसतो. तोवर सुटलेला पट्टा चाकाच्या वरची पत्र्याची पेटी फाडून टाकतो, फरशीखालच्या वायरी तोडतो, कधी गॅसच्या नळीपर्यंत पोचतो. त्याच बाजूचा दुसरा टायर तेवढ्या वेळात दुप्पट भार वाहत असतो. म्हणून एक फुटला की त्याचा जोडीदारही संशयित धरायचा. व्हॉल्व्हवर बसवायचे सेन्सर बाजारात मिळतात, ते हवा आणि तापमान दोन्ही पुढे पडद्यावर दाखवतात. जरूर घ्या. मात्र पट्टा सुटताना हवा शेवटच्या क्षणापर्यंत तशीच असू शकते, म्हणून प्रत्येक थांब्यावर तळहात टायरवरून फिरवा. फुगवटा लागला किंवा एकच टायर बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला वाटला, तर तिथून पुढे जाऊ नका.

सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियातली, डॅलसमधली मराठी कुटुंबंही सुट्टीत ट्रेलर भाड्याने घेऊन ग्रँड कॅन्यनला, योसेमिटीला निघतात. त्यांच्यासाठी एवढंच: ताबा घेताना टायरच्या तारखेचा फोटो मालकाकडे मागा. भिडेखातर गप्प बसू नका, तुमची मुलं त्याच गाडीत असणार आहेत.

(दृश्य: टायरचं दुकान. जॅकवर उचललेला ट्रेलर.)

बदलायची वेळ आली की लोड रेंज एक पायरी वर घेता येते, सी असेल तर डी, ६५ पाउंड हवेचा. पण रिम तेवढी हवा आणि वजन पेलणारी हवी, तो आकडा रिमवर कोरलेला असतो. ८० पाउंडांच्या लोड रेंज ई वर गेलात तर साधा रबरी व्हॉल्व्ह चालत नाही, धातूचा लावून घ्या. स्टेपनी विसरू नका. ती मागे उन्हात लटकलेली असते आणि बहुधा बाकीच्या चार टायरांच्याच वयाची असते. नवे टायर घेताना दुकानातही तारीख वाचा, गोदामात पडून राहिलेला माल नवा म्हणून घेऊ नका.

जॅक धुऱ्याखाली लावू देऊ नका, धुरा वाकतो. तो चॅसीखाली, स्प्रिंगच्या पाट्यांच्या आधाराजवळ लावायचा. नट समोरासमोरचे, आळीपाळीने आवळायचे, आणि टॉर्क रेंचनेच, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्यानेच. नवं चाक बसवल्यावर ते थोडे सैल पडतात, म्हणून १६, ४० आणि ८० किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळायचे. क्वार्टझाइटहून फिनिक्सला निघालात तर तिसरा थांबा टोनोपाहच्या बराच अलीकडे येतो. सर्व्हिस रोडवर सपाट जागा बघून गाडी घ्या, आधी चाकं हलू नयेत म्हणून त्यांना ओट, म्हणजे अडसर, लावा आणि मग पाना हातात घ्या.