कौलावर वाढणारं रोप

(खानापूर इथे महिला मंडळापुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. आज ज्या रोपाबद्दल बोलायचंय ते आपल्यापैकी फार थोड्यांनी प्रत्यक्ष पाहिलं असेल. त्याच्या अर्काची क्रीमं मात्र आता मोबाईलवर घरपोच मागवता येतात. नाव सेम्परव्हायव्हम टेक्टोरम, इंग्रजी बोलीतलं नाव हाऊसलीक. आल्प्स, पिरेनीज, बाल्कन या डोंगरांतलं हे रोप. जाड मांसल पानांचा जमिनीलगतचा गुच्छ, आणि मुळं खडकाच्या फटीत, जिथं मूठभरही माती नसते. हिवाळाभर बर्फाखाली राहतं आणि उन्हाळ्यात तापलेल्या दगडावरही टिकतं.

युरोपातल्या खेड्यांत हे मुद्दाम छपरावर लावत. इसवी सन 800 च्या सुमाराला शार्लमेन बादशहाच्या राजवटीत शाही शेतीवाडीच्या कारभाराचा एक हुकूमनामा निघाला. त्यात लावायच्या झाडांची लांब यादी आहे आणि त्यातच लिहिलंय की माळ्यानं स्वतःच्या घरावर हे रोप ठेवावं. त्यानं वीज पडत नाही, अशी समजूत होती. घरातल्या बायकांना मात्र त्याचा दुसराच उपयोग ठाऊक होता. चुलीवर हात भाजला, मधमाशी चावली, की पान मोडायचं आणि रस लावायचा. आपण कोरफडीचं करतो तेच.

हे जगतं कसं, ते मला तुम्हाला नीट सांगायचंय, कारण कातडीला त्याचा काही उपयोग असेल तर तो त्यातूनच आलाय. बहुतेक झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडतात, हवा आत घेतात, आणि त्याच वेळी पाणी बाहेर जातं. हे रोप कोरड्या दिवसांत छिद्रं रात्री उघडतं. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतं, आणि दिवसा छिद्रं मिटून, साठवलेलं वापरून अन्न तयार करतं. म्हणून पान पहाटे आंबट असतं आणि दुपारपर्यंत ती आंबटाई उतरते.

ही गोष्ट कुठल्या पानावरून लक्षात आली, माहितीये? पानफुटीच्या! दक्षिण भारतात काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी पानफुटीचं पान सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी चाखून पाहिलं, चवीतला फरक टिपला आणि लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्ग अभ्यासकांच्या संस्थेला कळवला. 1815 मध्ये तो छापून आला. पानफुटी आणि हाऊसलीक एकाच कुळातली, क्रॅस्युलेसी कुळातली. आल्प्समधल्या रोपाची भावकी आपल्या परसात, विहिरीच्या कठड्यावर उगवते, याचा मला फार आनंद वाटतो. चोर्ला घाटाच्या बाजूला जांभ्या दगडाच्या सपाट सड्यांवर पाऊस सरल्यावर जी झाडं तग धरतात, त्यांच्यापुढचा प्रश्नही हाच: माती नाही, पाणी थांबत नाही, ऊन लपू देत नाही.

आता कातडीकडे येऊ. पानात पाणी धरून ठेवणारा चिकट द्रव असतो, भिजवलेल्या सब्जासारखा बुळबुळीत. तो कातडीवर पातळ थर धरतो आणि ओलावा लगेच उडू देत नाही. टॅनिनं, म्हणजे तुरट द्रव्यं, असतात, त्यांनी कातडी किंचित आवळल्यासारखी वाटते. मॅलिक आम्ल असतं. तेच जास्त प्रमाणात वापरलं तर मृत पेशींचा थर सुटायला मदत होते, पण मग उन्हाचा त्रासही वाढतो. पानाच्या रसात ते इतकं नसतं. भाजलेल्या जागी गार वाटणं, किडा चावल्यावर खाज कमी होणं, कोरडी कातडी मऊ होणं, एवढं मी खात्रीनं सांगेन. सुरकुत्या जातात, डाग जातात, असं कुणी म्हणालं तर त्याला पुरावा विचारा. प्रयोगशाळेत अर्क तपासले गेलेत, पण माणसांच्या चेहऱ्यावर नीट आखून केलेले प्रयोग फार थोडे आहेत.

डबी घेताना मागची बाजू वाचा. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले शेवटी कुठल्याही क्रमानं लिहिता येतात. फेनॉक्सीएथेनॉल हे टिकवण्याचं द्रव्य जास्तीत जास्त एक टक्का घालता येतं. त्याच्या खाली सेम्परव्हायव्हमचं नाव असेल, तर झाकणावर चित्र कितीही मोठं असो, आत अर्क एक टक्क्याच्या वर नाही. त्यासाठी हजार रुपये मोजायचे की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं, पण वाचून ठरवावं.

घरी करणाऱ्यांना दोन गोष्टी कळकळीनं सांगते. पहिली, ताजा रस त्याच दिवशी वापरा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींना बुरशी येते. पाणी असलेलं आणि टिकवण्याचं द्रव्य नसलेलं कुठलंही मलम त्या हवेत थोड्याच दिवसांत बिघडतं, आणि बुरशी डोळ्यांना दिसायच्या आधीच जंतू वाढलेले असतात. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबा. उघड्या जखमेवर आणि फोड आलेल्या भाजण्यावर काहीही चोळू नका. भाजलेली जागा नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायची आणि डॉक्टरांकडे जायचं.

दुसरी, मांसल पान दिसलं की ते औषध, असं धरू नका. शेराचा आणि निवडुंगाचा पांढरा चीक कातडीवर फोड आणतो, डोळ्यात गेला तर दृष्टीला धोका. कोरफडीतही सालीलगतचा पिवळा चीक निथळू द्यावा लागतो. आणि पानफुटी हाऊसलीकच्या कुळातली असली तरी तिच्यात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं आहेत; ती खाऊन गुरं दगावल्याच्या नोंदी आहेत. मुतखड्यावर रोज पानं चावून खाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

रोप लावून पाहायचं असेल तर नर्सरीत नीट बघून घ्या. सक्युलंट, म्हणजे मांसल पानांचं झाड, म्हणून जे गुलाबासारखं रोप मिळतं ते बहुधा मेक्सिकोचं एचेव्हेरिया असतं. हाऊसलीकच्या पानाच्या कडेला बारीक केसांची झालर असते, एचेव्हेरियाची कड गुळगुळीत. हाऊसलीकला थंडीची भीती नाही, भीती आहे आपल्या पावसाची. पसरट कुंडी, निम्मी खडी आणि जाड वाळू, आणि मृगापासून दसऱ्यापर्यंत कुंडी पागोळ्यांच्या आत. फूल आलेला गुच्छ वाळला तर रोप मेलं म्हणून उपटू नका. तो एकदाच फुलतो. भोवतीची पिलं वेगळी करून लावा.