तहानेआधीची विहीर

[दृश्य: समुद्रात नांगर टाकून रांगेत थांबलेली मालवाहू जहाजं. फक्त लाटांचा आवाज.]

११ मार्च २०२०. कोविड-१९ ही महासाथ असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं. त्या वर्षात जगभर जेवढे कामाचे तास बुडाले, ते आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या हिशेबाने साडेपंचवीस कोटी पूर्णवेळ नोकऱ्यांएवढे होते. ५ मे २०२३ रोजी साथीची जागतिक आरोग्य आणीबाणी उठली आणि जग आपापल्या कामाला लागलं. पण त्या तीन वर्षांत कोण सावरलं आणि कशाच्या बळावर, हे नीट पाहायला हवं. पुढचा धक्का साथीचा असेल, हवामानाचा असेल किंवा युद्धाचा. तयारीला लागणारा वेळ मात्र आत्ताच हातात आहे.

[दृश्य: साधा, बटणांचा मोबाइल. क्रमांक दाबणारी बोटं.]

पश्चिम आफ्रिकेतला टोगो हा लहानसा देश. इथे बहुतेकांचं पोट हातावरचं. टाळेबंदी लागली की त्याच दिवशी कमाई बंद. एप्रिल २०२० मध्ये सरकारने ‘नोविसी’ योजना सुरू केली. मोबाइलवरून एक क्रमांक लावायचा, मतदार ओळखपत्राचा तपशील द्यायचा. माणूस पात्र असला की पैसे थेट फोनवरच्या खात्यात. स्मार्टफोनची गरज नव्हती. स्त्रियांना थोडी जास्त रक्कम मिळत होती.

एवढ्या झटपट हे जमलं कसं? फेब्रुवारीतच तिथे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली होती. मतदार यादी ताजी होती, तीत माणसाचा व्यवसाय आणि ठिकाण होतं. मोबाइलवरून पैसे पाठवायची सवय लोकांना आधीपासून होती. मतदानासाठी केलेली यादी अशी घरातली चूल पेटती ठेवायला उपयोगी पडली. ज्यांच्याकडे ओळखपत्र नव्हतं किंवा फोन नव्हता, ते मात्र बाहेरच राहिले. म्हणून यादी करायचीच, तर शेवटच्या माणसापर्यंत करायला हवी, आणि ती शांततेच्या काळातच होते.

जर्मनीत वेगळी व्यवस्था होती, आणि तीही जुनीच. काम घटलं तर कामगाराला काढायचं नाही, त्याचे तास कमी करायचे आणि बुडालेल्या पगाराचा मोठा भाग सरकारी विम्यातून भरून द्यायचा. एप्रिल २०२० मध्ये सुमारे साठ लाख कामगार या आधारावर होते. त्याच एप्रिलमध्ये अमेरिकेतली बेरोजगारी १४ टक्क्यांच्या वर गेली. दोन महिन्यांपूर्वी ती साडेतीन टक्के होती. जर्मन पद्धतीलाही मर्यादा आहेत. जो उद्योग परत उभा राहणारच नाही, त्यातही माणसं अडकून पडतात. तरीही कामगाराचं आणि कारखान्याचं नातं टिकलं, की काम परत सुरू होताना हात नव्याने शोधावे लागत नाहीत. ही बाजू मला जड वाटते.

[दृश्य: अर्धवट जुळवलेल्या मोटारींची रांग.]

तयारी आधीच हवी, हा धडा कारखान्यांनीही घेतला, महागात. साथीच्या सुरुवातीला मोटार कंपन्यांनी चिपच्या मागण्या रद्द केल्या. चिप बनवण्याची ती क्षमता लॅपटॉप आणि इतर उपकरणांनी घेतली. २०२१ मध्ये चिपअभावी लाखो गाड्या बनल्याच नाहीत. गरजेपुरताच माल मागवण्याची पद्धत जगाला शिकवणारी टोयोटा इतरांपेक्षा जास्त काळ तगली, कारण जपानमधल्या २०११ च्या भूकंपानंतर तिने पुरवठादारांना चिपचा काही महिन्यांचा साठा ठेवायला लावला होता. शेवटी तो साठाही पुरला नाही. पण मिळालेले महिने खरे होते.

[दृश्य: रिकामा वर्ग. बाकांवर धूळ.]

आता ज्याची सर्वात जास्त काळजी वाटते, ते. शाळाबंदीच्या ऐन काळात सुमारे १६० कोटी विद्यार्थी घरी होते. दुकानं उघडली, विमानं उडाली, आकडे वर आले. मुलांचं मागे पडलेलं वाचन मात्र कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत साधा मजकूर वाचून समजून घेऊ न शकणारी दहा वर्षांची मुलं साथीपूर्वी ५७ टक्के होती. जागतिक बँक, युनिसेफ आणि सहकारी संस्थांच्या २०२२ च्या अंदाजानुसार हे प्रमाण ७० टक्क्यांवर गेलं.

[दृश्य: मांडीवर वही घेतलेलं मूल, कानाला फोन.]

बोट्स्वानात शाळा बंद असताना एक प्रयोग झाला. आठवड्यातून एकदा पालकांच्या फोनवर शिकवणाऱ्याचा फोन यायचा, साधारण वीस मिनिटांचा. गणिताची एक-दोन उदाहरणं, मूल जिथे अडलं असेल तिथून पुढे. ज्या मुलांना असे फोन आले, ती गणितात पुढे गेली. फोनवर पाठवलेल्या नुसत्या लेखी संदेशांचा म्हणावा तसा उपयोग झाला नाही. समोरून कुणीतरी बोलणारं लागत होतं.

२०२० मध्ये सहा वर्षांचं असलेलं मूल २०७४ मध्ये साठीचं होईल. तोवरचं त्याचं सगळं काम, सगळी कमाई त्या वहीतल्या अडलेल्या वजाबाकीपासून सुरू होते.

[दृश्य: फोन वाजतो. मूल वही उघडतं.]