गॅलरीतलं हळदीचं पान

[दृश्य: गिरगावातली चाळ, सकाळ. गॅलरीच्या कठड्यालगत कुंड्या आणि पत्र्याचे जुने डबे.]

साडेसातला ऊन या कठड्यावर येतं, अकराच्या सुमारास छपराआड जातं. एवढ्याशा उन्हात टोमॅटो धड धरत नाहीत. पण फोडणीला, चटणीला, चहाला लागणारी पानं मात्र इथे छान वाढतात.

भाजी घेतली की भाजीवाली वरून मूठभर कोथिंबीर टाकायची. आता पावसाळ्यात जुडीचा भाव ऐकून हात आखडतो. म्हणून घरी पहिली पेरली जाते ती कोथिंबीर, आणि फसतेही तीच.

[जवळून: पोळपाटावर धणे, वर लाटणं.]

एका धण्यात दोन बिया असतात. लाटणं अलगद फिरवायचं. धणे दुभंगले पाहिजेत, त्यांचं कूट होता कामा नये. रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी थेट कुंडीत पेरायचे आणि वर बोटभर माती पसरायची. पुढचे आठ-दहा दिवस काहीच दिसत नाही. इथेच धीर सुटतो आणि माती उकरली जाते. उकरू नका. उगवलेलं रोप उपटून दुसरीकडेही लावू नका, सोटमूळ दुखावलं की ते मान टाकतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे तिचे दिवस. एप्रिलात पेरली तर पानं धरण्याआधीच फुलावर येते.

पुदिन्याचं तसं नाही. बाजारच्या जुडीतल्या दोन जाड काड्या घ्या, खालची पानं काढा आणि पाण्याच्या पेल्यात उभ्या करा. आठवडाभरात पेरांपाशी पांढरी मुळं फुटतात. कुंडी मात्र त्याला वेगळी द्या, तो पसरतो. गवती चहाचा एक ठोंब कोणाकडून मागून आणला तरी पुरतो. कढीपत्ता सावकाश वाढतो, शेंडे खुडत राहिलं की फांद्या धरतो.

[दृश्य: कोपऱ्यातला मोठा डबा. रुंद, हिरवीगार पानं.]

पण मला विचाराल तर या गॅलरीतलं सगळ्यात मोलाचं पान हळदीचं. कोकणातल्या घरांत अक्षय्य तृतीयेला हळद लावायची रीत आहे. तीच इथे चाळीत आली. डोळे फुटलेलं हळकुंड, तळाला भोक पाडलेला खोल डबा, अर्धी माती, अर्धं शेणखत. पहिला पाऊस पडला की हिरवी सुरळी वर येते, रोज थोडी थोडी उलगडते. श्रावणापर्यंत पान हातभर लांब झालेलं असतं. दादरच्या बाजारात नागपंचमीच्या आधी ही पानं मिळतात. तरी कुंडीतून कापून तशीच ओट्यावर आणलेल्या पानाचा वास निराळाच.

[जवळून: पानावर तांदळाचं पीठ पसरणारी बोटं. मध्ये गूळ-खोबऱ्याचं सारण. पान दुमडतं, मोदकपात्रात जातं.]

पंधरा मिनिटांत वास जिन्यापर्यंत पोहोचतो. झाकण निघतं. पान अलगद सोडवलं की पांढऱ्या पातोळीवर त्याच्या शिरा उमटलेल्या असतात, एकीशेजारी एक.