वाजवा, मी तुमचाच आहे

श्रोतेहो, नमस्कार. 2009 च्या उन्हाळ्यात मी लंडनला भाचीकडे राहायला गेलो होतो. एका संध्याकाळी कोथिंबिरीची जुडी घेऊन आम्ही परतत होतो, तेव्हा तिच्या घराजवळच्या चौकात चक्क एक पियानो उभा असलेला दिसला. जुना, भडक रंगांनी रंगवलेला, आणि त्याच्यावर इंग्रजीत लिहिले होते : वाजवा, मी तुमचाच आहे.

ही कल्पना ब्रिस्टलच्या ल्यूक जेरम या कलावंताची. वस्तीतल्या ज्या दुकानात तो यंत्रावर कपडे धुवायला जाई, तिथे दर आठवड्याला तीच माणसे भेटत, पण एकमेकांशी बोलत नसत. कपडे फिरताहेत आणि माणसे गप्प. बोलायला निमित्त हवे, म्हणून त्याने 2008 साली बर्मिंगहॅममध्ये 15 पियानो रस्त्यावर ठेवले. लंडनमध्ये त्यांची संख्या 30 झाली.

भाची म्हणाली, “मामा, वाजव ना!” मी पेटीवाला माणूस. स्टुलावर बसलो, उजवा हात पट्ट्यांवर ठेवला, आणि डावा हात सवयीने मागे जाऊन भाता शोधू लागला. भाता कुठला असायला? भाची हसून लोटपोट झाली. एव्हाना बाजारहाटाची पिशवी घेतलेल्या एक आजीबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी काळी तीनचा षड्ज धरून, म्हणजे तिसऱ्या काळ्या पट्टीला ‘सा’ मानून, भूप राग सुरू केला. पेटी शिकलेल्या श्रोत्यांना ठाऊकच आहे की या षड्जावरचा भूप नुसत्या काळ्या पट्ट्यांवर वाजतो. मी आजीबाईंना खुणेने सांगितले, फक्त काळ्या, पांढरीला हात नको. त्यांनी भीतभीत एक बोट ठेवले. सूर जुळला. दुसरी पट्टी, तीही जुळली. काळ्याच वाजवायच्या म्हटल्यावर भूपाबाहेर जाणार कुठे? थोड्या वेळाने त्या सरळ स्टुलाच्या अर्ध्या भागावर बसल्या आणि माझ्या रिकाम्या डाव्या हाताचे काम त्यांनी परस्पर उचलले. समोरच्याच इमारतीत राहत होत्या त्या, आणि माझ्या भाचीने त्यांना वर्षभरात कधी पाहिलेलेही नव्हते.

(आपल्याकडे बागेतल्या प्रत्येक शिल्पाला कुंपण घालून ‘हात लावू नये’ अशी पाटी ठोकणाऱ्यांना त्या स्टुलावर तासभर बसवावे, असे माझे जुने मत आहे, असो.)

तेवढ्यात पाऊस आला. पियानोसाठी प्लॅस्टिकचे आच्छादन तिथेच ठेवलेले होते. आजीबाईंनी एक टोक धरले, भाचीने दुसरे, मी मधले सारखे केले आणि आम्ही तिघे आडोशाला पळालो. घरी पोचल्यावर लक्षात आले की कोथिंबिरीची जुडी त्या आच्छादनाखालीच राहिली आहे.