लाकडातली लहर रंगात नसते, उजेडात असते

ही मेपलची फळी बघा. मी ती फक्त थोडी तिरकी करतोय, बाकी काहीच नाही. पट्टे सरकले, दिसलं? आत्ता जो पट्टा काळसर होता तो उजळला, आणि उजळ होता तो गडद झाला. फळी तीच आणि दिवाही तोच.

मखमलीवर उलटा हात फिरवला की कसं होतं, तसंच हे. सरळ वाढलेल्या झाडात तंतू एका दिशेने जातात. या झाडात ते लाटांसारखे वर-खाली गेलेत. तंतू जिथे आडवा पडलाय तिथून उजेड परततो, जिथे त्याचं टोक वर आलंय तिथे आत मुरतो. म्हणजे हे पट्टे रंगाचे नाहीत. एवढं लक्षात ठेवलंत की पुढचं सगळं, म्हणजे निवड, रंधा, पॉलिश, आपोआप सुचत जातं.

आधी निवड. करवतीतून आलेल्या खडबडीत फळीवर नक्षी झाकलेली असते. टॉर्च अगदी आडवी धरा आणि फळीच्या कडेने उजेड सोडा. शक्य असेल तर चिंधीने थोडं स्पिरिट पुसा; ते उडून जाईपर्यंत पॉलिशनंतरचं रूप दिसतं. मग फळीचं टोक बघा. वाढीची वर्तुळं पृष्ठभागाला जवळपास काटकोनात उभी असतील, तर अशी आडवी लहर सगळ्यात छान उठते. पाखराच्या डोळ्यासारखे ठिपके असतील तर उलट, ते आडव्या चिरलेल्या फळीत, म्हणजे जिथे वर्तुळं पृष्ठभागाला जवळपास समांतर असतात तिथे, खुलतात.

आणि एक, नक्षीचं लाकूड पायांना वापरू नका. तंतू वारंवार पृष्ठभागातून बाहेर पडतात, त्यामुळे तिथे लाकूड लवकर तुटतं. पाय आणि चौकट सरळ रेषेच्या लाकडाची करा. नक्षी दाराच्या पॅनेलला द्या, ड्रॉवरच्या दर्शनी फळीला द्या.

एक चूक मी स्वतः केली आहे, ती सांगतो. जाड फळी मधोमध चिरली, पुस्तकासारखी उघडली आणि दोन्ही भाग जोडून टेबलाचा वरचा भाग केला. रेषा आरशासारख्या जुळल्या, पण खोलीत ठेवल्यावर एक बाजू लख्ख आणि दुसरी मंद! पुस्तक उघडताना एक पान उलटलं जातं, तसा तंतूंचा कलही उलटला होता. गोंद सुकल्यावर काही करता येत नाही. म्हणून आता मी दोन्ही भाग सुटे ठेवतो, टेबल जिथे राहणार त्या उजेडात सगळ्या बाजूंनी फिरून बघतो. फरक फार खटकला तर पुस्तकासारखं उघडत नाही, एक भाग नुसता बाजूला सरकवून जोडतो.

आता रंधा. लाटेचा एक उतार सुलट असतो, पुढचा उलटा. त्यामुळे कुठल्याही बाजूने मारला तरी टवके उडणारच. हे बघा, जवळून. पट्ट्याच्या एकाच बाजूला हे बारीक खड्डे पडलेत. साध्या रंध्यात पातं 45 अंशांवर असतं. ते 55 ते 60 अंशांवर आणा, नाहीतर पात्यावरची दुसरी लोखंडी पट्टी धारेच्या अगदी जवळ, मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांवर बसवा. धार ताजी हवी आणि काप पापुद्र्याइतका पातळ. तरीही टवका निघालाच तर पोलादी स्क्रेपर घ्या. त्याच्या कडेची सूक्ष्म वळलेली धार उलट्या तंतूलाही साफ कापते. सँडपेपर सगळ्यात शेवटी, 220 नंबरपर्यंत, आणि मधला एकही नंबर गाळू नका. जाड ओरखडे राहिले तर उजेड त्यांच्यावरच विखुरतो.

पॉलिश. बाजारातले बरेचसे रंगीत स्टेन म्हणजे बारीक रंगकण. ते पृष्ठभागावर बसतात आणि लहरीवर धूर पसरल्यासारखं दिसतं. रंग द्यायचाच असेल तर विरघळणारा डाय घ्या, तो तंतूंत मुरतो. गडद डाय लावा, वाळला की 220 ने हलकेच घासा. टोकं वर आलेल्या भागात रंग खोल राहतो, बाकीचा निघतो. मग हवा तर वरून फिका डाय. पण आधी त्याच फळीच्या तुकड्यावर.

मला स्वतःला रंग नकोच वाटतो. जवसाच्या तेलाचा एक पातळ हात पुरे, लहर खोल होते. पांढरं मेपल मात्र पिवळसर होतं. पांढरंच हवं तर पाण्यावरचं फिनिश, पण त्यात खोली कमी मिळते. तेल पूर्ण वाळलं की मेण काढलेला चपडा (लाखेची राळ), लिटरभर स्पिरिटला साधारण 120 ग्रॅम, पातळ हातांनी.

आता तेल लावतो, बघत राहा... ही बघा, ही कड. कोरडी बाजू सपाट आहे, तेल लावलेल्या बाजूत बोट बुडेल असं वाटतंय.

आणि ही चिंधी चुरगळून टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं, बोळा आपोआप पेटू शकतो. अशी पसरून उघड्यावर वाळत घाला, कडक झाली की मगच कचऱ्यात.