सड्यावरची वाट : काणकोणच्या किनाऱ्यावर शरदातले दोन दिवस

(आकाशातून घेतलेले दृश्य : सड्याची कडा आणि खाली समुद्र)

पडद्यावर दिसणारी ही पिवळसर हिरवी पठारे दक्षिण गोव्यातील आहेत. बेतूलपासून आगोंदपर्यंतच्या किनाऱ्यालगत, अरबी समुद्र आणि काणकोणचे डोंगर यांच्या मध्ये ती पसरलेली आहेत. स्थानिक लोक त्यांना सडा म्हणतात. गोव्यात सुट्टीसाठी येणारा माणूस बहुधा वाळूवर उतरतो आणि वाळूवरूनच परततो. सड्यावरच्या रस्त्याने त्याची गाडी जाते, परंतु ती तेथे थांबत नाही. ज्यांना शनिवार-रविवार गर्दीपासून दूर, पायी हिंडत आणि समुद्र पाहत घालवायचे आहेत, त्यांनी आपली सहल या सड्याभोवती आखावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

दसरा आणि दिवाळी यांच्या मधला एखादा शनिवार-रविवार त्यासाठी निवडावा. ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास पाऊस गोव्यातून परततो. त्याआधी जांभ्या दगडावर शेवाळ असते आणि पाय घसरतो. दिवाळीची सुट्टी सुरू झाली की किनाऱ्यावर वर्दळ वाढते आणि गवतही वाळू लागते. या दोहोंच्या मधल्या दिवसांत ओढे अजून वाहते असतात, खालच्या खाचरांत सरद म्हणजे पावसाळी हंगामाचे भात कापणीला आलेले असते आणि हवा इतकी धुतलेली असते की कड्यावर उभे राहिल्यास दक्षिणेकडची भूशिरे एकामागून एक मोजता येतात.

(सकाळ : सड्यावरचे गवत, दगडांमधील पाणी, चरणारी गुरे)

सड्यावर पाऊल ठेवण्यापूर्वी सडा म्हणजे काय, हे जाणून घेणे आवश्यक आहे, कारण ते ठाऊक नसेल तर हे पठार उजाड वाटते आणि उजाड वाटणाऱ्या जमिनीविषयी माणसाला काळजी वाटत नाही. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांत पडतो. इतका पाऊस आणि त्यानंतरचे कडक ऊन यांची आवर्तने लाखो वर्षे चालू राहिली, तेव्हा मूळ खडकातील विरघळणारी द्रव्ये पाण्याबरोबर वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली. त्यांचाच हा तांबडा, सच्छिद्र जांभा दगड बनला. खाणीतून नुकताच काढलेला जांभा इतका मऊ असतो की त्याचे चिरे कापता येतात, आणि उघड्या हवेत राहिला की तो कठीण होतो. गोव्यातील जुनी घरे, देवळे, चर्च आणि किल्ले याच दगडाने उभे राहिले आहेत.

या दगडाचा दुसरा गुण डोळ्यांना दिसत नाही, परंतु खालच्या गावांचे जीवन त्यावर अवलंबून आहे. सड्यावर पडलेले पाणी दगडाच्या छिद्रांतून खाली मुरते, खालच्या चिकण मातीच्या थरापाशी अडते आणि त्या थराच्या उताराने सरकत सरकत सड्याच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. पडद्यावर आता जे कुळागर दिसत आहे, त्यातील पोफळी, माड आणि त्यांवर चढलेल्या मिरवेली यांना याच झऱ्याचे पाणी पाटाने दिले जाते. पाऊस थांबल्यानंतरही हे पाणी वाहत राहते. सडा पावसाचे पाणी साठवतो आणि सवडीने देतो. गावच्या विहिरी त्यावरच जगतात. एकाच सहलीत सकाळी वरचा सडा आणि दुपारी पायथ्याचे कुळागर पाहिले, तर ही सारी व्यवस्था कोणी न सांगताही समजते, आणि म्हणूनच दोन्ही ठिकाणांना वेळ राखून ठेवावा.

कॅमेरा आता जमिनीच्या अगदी जवळ आला आहे. दगडावर बोटभरसुद्धा माती नाही आणि जी आहे तीत पोषक द्रव्ये फारच थोडी आहेत. अशा ठिकाणी जगण्यासाठी वनस्पतींनी विलक्षण उपाय शोधले आहेत. ही जांभळी, इवलीशी फुले सीतेच्या आसवांची. या वनस्पतीच्या ओल्या मातीतील सूक्ष्म पिशव्या पाण्यातील बारीक जीव आत ओढून घेतात आणि जमिनीने न दिलेले नत्र त्यांतून मिळवतात. शेजारी पांढऱ्या गोल डोक्यांचा गेंद आहे. दवबिंदू नावाची वनस्पती आपल्या पानांवरील चिकट थेंबांनी कीटक पकडते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ही फुले सड्यावर गालिच्यासारखी पसरतात. आपण शरदात जाणार असल्यामुळे पाणी धरून ठेवणाऱ्या खळग्यांच्या कडेला त्यांतील शेवटची काही सापडतील. याच दिवसांत त्यांचे बी गळून पुढच्या वर्षासाठी मातीत जात असते. म्हणून खळग्यांतून चालू नये, गुरांनी पाडलेल्या वाटेवरूनच चालावे आणि दुचाकी किंवा जीप कोणत्याही परिस्थितीत सड्यावर नेऊ नये. चाकाखाली एकदा दबलेला तो पातळ थर पुन्हा तयार होण्यास फार काळ लागतो.

चालण्याची आखणी सूर्याकडे पाहून करावी. ऑक्टोबरच्या मध्यास गोव्यात सकाळी साडेसहाच्या आत उजाडते आणि सायंकाळी सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सड्यावर सावली जवळजवळ नसते, त्यामुळे उजाडताच निघून दहापर्यंत परतावे, आणि उरलेले चालणे साडेचारनंतर करावे. परतीच्या पावसाच्या दिवसांत दुपारनंतर गडगडाटासह सरी येतात. मोकळ्या पठारावर माणूसच सर्वांत उंच वस्तू असतो, म्हणून पूर्वेकडे डोंगरांवर काळे ढग जमताना दिसले की थांबून चित्रे काढण्याचा मोह टाळून खाली उतरावे. कड्याच्या टोकावर उभे राहू नये, कारण खालून लाटांनी दगड पोखरलेला असतो आणि वरून ते कळत नाही. जाड तळव्याचे बूट, प्रत्येकी किमान दोन लिटर पाणी आणि टोपी इतके सामान पुरते. वाटा एकमेकींत मिसळतात, त्यामुळे गावातील एखादी माहीतगार व्यक्ती बरोबर घेणे हिताचे ठरते. तिला योग्य मोबदला द्यावा आणि तो आधीच ठरवावा.

(सायंकाळ : खोल नावाच्या गावातील किल्ला, खंदक, गंजलेल्या तोफा, पांढरे चर्च)

शनिवारची सायंकाळ काब द राम या भूशिरावरील किल्ल्यात घालवावी. वनवासात राम आणि सीता येथे राहिले होते, अशी लोकांची श्रद्धा आहे आणि भूशिराला नावही त्यावरूनच मिळाले. हा किल्ला आजच्या कर्नाटकातील सोंध्याच्या राजांकडे होता आणि 1763 साली तो पोर्तुगिजांच्या ताब्यात गेला. पुढे त्याचा तुरुंग म्हणून वापर झाला आणि 1955 पर्यंत तो तसा चालू होता. आत आज संत अंतोनीचे चर्च तेवढे नांदते आहे. बाकी तटबंदी, बुरूज आणि झाडीत शिरणाऱ्या पायवाटा आहेत. तटाचे चिरे नीट पाहावेत. ज्या सड्यावर हा किल्ला उभा आहे, त्याच प्रकारचा तो दगड आहे, आणि अडीचशेहून अधिक पावसाळे सोसल्यावर त्याचा पृष्ठभाग कसा झाला आहे, हे हाताने स्पर्श करून कळते. पश्चिमेच्या बुरुजावरून समुद्री गरुड कड्याच्या पातळीवर, काही वेळा आपल्याही खालून, तरंगत जाताना दिसतो. आमच्या छायाचित्रकाराने टिपलेले हे दृश्य आम्ही न कापता ठेवले आहे.

(काही क्षण निवेदन नाही)

मुक्काम आगोंद किंवा खोल येथील एखाद्या घरगुती निवासात करावा. खोल गावच्या अंगणांत या दिवसांत तांबड्याभडक मिरच्या सुकत घातलेल्या दिसू लागतात. डोंगरउतारावर निव्वळ पावसाच्या पाण्यावर पिकवल्या जाणाऱ्या या खोल मिरचीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले. ती विकत घ्यायची असल्यास पिकवणाऱ्याच्याच हातून घ्यावी.

(पहाट : किनाऱ्यावर रापण ओढणारी माणसे)

रविवारी पहाटे किनाऱ्यावर जावे आणि नशिबात असेल तर रापण पाहावी. होडीतून लांबच लांब जाळे समुद्रात अर्धवर्तुळात टाकले जाते आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरची माणसे, दोन रांगांत उभी राहून, तालावर ओढत आणतात. जून आणि जुलै या दोन महिन्यांत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. त्यानंतरच्या या दिवसांत जाळ्यात बांगडे आणि तारले येतात. गोव्यातील रापणकारांनी 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात ट्रॉलरांच्या विरोधात मोठे आंदोलन केले होते आणि 1980 साली सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा आला. आज पर्यटनाच्या किनाऱ्यांवर रापणीला फारशी जागा उरलेली नाही, म्हणून जेथे ती अजून चालते तेथे पाहुण्याने दोरीला हात लावण्यापूर्वी विचारावे, आणि चित्रण करण्यापूर्वीही विचारावे. आम्हीही तसेच केले.

ज्यांना रविवारी जंगलात जायचे आहे, त्यांच्यासाठी पैंगीणजवळ खोतीगाव अभयारण्य आहे. 1968 साली घोषित झालेले हे सुमारे 86 चौरस किलोमीटरचे वन सकाळी लवकर पाहण्याजोगे आहे. गालजीबाग आणि आगोंद येथे ऑलिव्ह रिडले कासवे साधारणपणे नोव्हेंबरपासून अंडी घालण्यास येतात, तेव्हा शरदात वाळू रिकामी असते. तरीही रात्री तेथे दिवे आणि आवाज टाळण्याची सवय आतापासून ठेवावी.

(काणकोण स्थानक, मग सागरी रस्ता)

येण्यासाठी स्वतःची गाडी असलीच पाहिजे असे नाही. कोकण रेल्वेचे काणकोण स्थानक आहे, आणि मडगावच्या कदंब बसस्थानकावरून काणकोणसाठी बसगाड्या सुटतात. आत खोल गावापर्यंत जाणाऱ्या बसगाड्या त्या मानाने कमी असल्यामुळे त्यांच्या वेळा आदल्या दिवशी विचारून ठेवाव्यात. गाडीने येणाऱ्यांनी करमल घाटाऐवजी असोळणे आणि बेतूलवरून येणारा सागरी रस्ता घ्यावा. साळ नदी समुद्राला मिळते ती जागा, बेतूलची मासळीची जेटी आणि त्यानंतर चढ चढताच अचानक उघडणारा सडा, असा क्रम त्या रस्त्यावर लागतो, आणि सहलीची सुरुवात त्याहून चांगली होणार नाही.

जाण्यापूर्वी एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. 2 ऑक्टोबर 2009 रोजी काणकोणात काही तासांत अतिवृष्टी झाली, डोंगरउतार खचले, नद्यांना पूर आला, घरे वाहून गेली आणि माणसे दगावली. त्यानंतरही सडे आणि उतार कापले जाण्याचे थांबलेले नाही. चिऱ्यांच्या खाणी आणि नवी बांधकामे यांसाठी या पठारांकडे आजही पडीक जमीन म्हणून पाहिले जाते.

ज्या गावात मुक्काम कराल, तेथील विहिरीचे पाणी पिऊन पाहा आणि ते कोठून येते, हे घरमालकांना विचारा. ते सड्याकडे बोट दाखवतील. शक्य झाल्यास त्याच सायंकाळी त्यांच्याबरोबर त्या झऱ्यापर्यंत चालत जा. वाट अर्ध्या तासाहून जास्त नसते आणि अंधार पडण्यापूर्वी परतता येते.